दार कुणी उघडायचं

"ऊठ वैजे. आज दार मी उघडतो," शिरीषदादा म्हणाला.

मी माऊसवरचा हात काढलाच नाही. म्हटलं, चेष्टा करतोय. दार उघडायचं काम माझं होतं, आणि आम्हां तिघांनाही ते इतकं अंगवळणी पडलं होतं की पडद्यावर गोदामाची भिंत दिसायला लागली तशी मी आपणहून खुर्ची पुढं ओढून बसले होते.

"ऊठ की. ऐकू येत नाही का?"

"दादा, मेजर आहे तुझा," इरफान मागनं म्हणाला. "आत कोणतरी नेम धरून बसलंय."

"माहिती आहे मला. आंधळा आहे का मी?"

मी उठले. दादा माझ्या जागी बसला, त्यानं शर्टाच्या बाह्या वर सारल्या आणि जरा वेळ नुसता पडद्याकडं बघत राहिला. ते बघणं मला नुसतं खेळातलं वाटेना. एखाद्याला वाटेल, कॉम्प्युटरवरचा खेळ तो, त्यात एवढं काय. पण आम्ही कुठं होतो आणि दुसऱ्या दिवशी काय होणार होतं, ते कळल्याशिवाय ते कळायचं नाही.

पाटणच्या वर घाट चढून गेलं की एक लांबलचक उघडं पठार लागतं. झाड नाही, आडोसा नाही, नजर जाईल तिथवर पवनचक्क्या. त्यातल्या काही एका खासगी कंपनीच्या होत्या, आणि त्यांच्या कंट्रोलरूममध्ये आमचं राज्य. शिरीष वाटेगावकर साइटचा प्रमुख, इस्लामपूरचा. इरफान मुजावर इलेक्ट्रिशियन, मिरजेचा. आणि मी वैजयंती पिसाळ, कराडची, डिप्लोमा करून तंत्रज्ञ म्हणून लागलेली, वर्षभराच्या प्रोबेशनवर. ते वर्ष त्या महिन्यात संपत होतं.

मला कायम व्हायचं होतं. पगार वगैरे ठीक आहे, पण खरं सांगायचं तर मला वर चढायला मिळायचं म्हणून. टॉवरच्या आतल्या शिडीनं चढत जायचं, वरचं झाकण डोक्यानं ढकलायचं, आणि बाहेर मान काढली की सगळं कोयनेचं खोरं पायाखाली. त्याआधी मी मामाच्या झेरॉक्सच्या दुकानात बसत होते. दिवसभर तो हिरवा उजेड डोळ्यांवरनं सरकायचा आणि लोक म्हणायचे, ताई, पाठपोट काढा. कायम झाले नसते तर परत तेच दुकान, परत तेच पाठपोट. मामानं माझं स्टूलसुद्धा कुणाला दिलं नव्हतं.

नोकरीवर घेताना पुण्याच्या ऑफिसातनं कुणीतरी दादाला फोनवर विचारलं होतं, मुलगी चढेल का. दादा म्हणाला, "चढेल की. तिला काय पाय नाहीत?" हे मला इरफाननं सांगितलं. पहिल्यांदा चढताना कमरेचा पट्टा दादानंच बांधून दिला, आणि खाली उभा राहून तो ओरडत होता, "खाली बघू नकोस, वरती पण बघू नकोस, हाताकडं बघ." तो मला कधी बाई म्हणून सांभाळायचा नाही आणि कधी बाई म्हणून टाकूनही बोलायचा नाही. संध्याकाळी मला गावात सोडायला जीप काढायचा. मी खाली शेवंतामावशींकडे खोली घेतली होती. त्या जीपचं डावीकडचं दार आतनं अडकायचं. दादा रोज माझ्या अंगावरनं हात लांब करून एक हिसडा द्यायचा, आणि ते उघडायचं. सख्खा भाऊ नव्हता मला. नसल्याचं काही वाटेनासं झालं होतं.

आता खेळाचं सांगते. पावसाळ्यात त्या पठारावर वारा माणसाला उभं राहू देत नाही, आणि दिवाळी झाली की तोच वारा असा गप होतो की पाती दिवसदिवस हलत नाहीत. मग बोल्ट आवळा, तेल बदला आणि बसा. असं बसून बसून कंटाळल्यावर दादानं मावसभावाकडनं एक सीडी आणली. लढाईचा खेळ, पण धडाधड गोळ्या मारायचा नव्हे. पाळीपाळीचा. आपली पाळी आली की आपण आपले शिपाई हलवायचे, मग शत्रूची पाळी. मधे चहा प्या, भांडा, विचार करा, कुणी हाकलत नाही.

मोहिमेला निघायच्या आधी शिपाई निवडायचे. तोफवाला दणका जबर देणार पण चालणार गोगलगाईसारखा. नेमबाज लांबनं टिपणार, जवळ कुणी आलं की गळाठणार. वैद्य मलमपट्टी करणार. आणि टेहळ्या पळणार सगळ्यांत लांब, पण अंगावर चिलखत म्हणाल तर नावाला. "कोण न्यायचं हे ठरलं की निम्मी लढाई झाली," असं दादा म्हणायचा. "आणि कोण पुढं जायचं हे ठरलं की उरलेली निम्मी."

शिपायांना आपली नावं देता यायची, ती दादानं दिली. नेमबाज तो स्वतः, आणि तो हळूहळू चढत मेजर झाला होता. वैद्य इरफान. टेहळ्या मी. तोफवाला होता आमचा गुरव, जो पुढं नोकरी सोडून चिपळूणला गेला.

दादाचे दोन नियम होते. एक, कुणी कुठं जायचं ते दादा ठरवणार, पण ज्याच्या नावाचा शिपाई, बटण त्यानंच दाबायचं. "आपल्या पायांनी जायचं, ढकललं म्हणून नाही," असं त्याचं म्हणणं. आणि दुसरा, मेला तो मेला. खेळ प्रत्येक पाळीला स्वतःहून सगळं साठवून ठेवायचा. मागची पाळी उघडली की मेलेला माणूस परत उभा. पण दादानं त्याला हात लावू दिला नाही कुणाला. गुरवाचा तोफवाला एका पुलावर मेला तेव्हा तो गडी दोन दिवस जेवला नाही नीट. हातापाया पडला, "दादा, एकदाच मागची पाळी उघडू या की." दादा म्हणाला, "मग त्यात जीव काय राहिला रे? मरणच नसेल तर तू शूर कसला?" आम्ही गुरवाच्या तोफवाल्याचा तेरावा म्हणून चिवडा खाल्ला. गुरवानंही खाल्ला, पण तोंड पाडून.

आता दाराचं. या खेळात शत्रू घरात नेम धरून बसतो. दार उघडून जो पहिला आत दिसेल त्याच्यावर त्याची गोळी सुटते. पण गोळी एकच. एकदा ती झाली की त्या पाळीपुरता तो रिकामा, मग मागचे बिनघोर आत. म्हणून कुणालातरी पुढं घालायचं. आमच्यात ते मी करायचे. मी पळायचे चांगली, आणि नशीब असं की गोळी कधी हुकायची, कधी खांद्याला लागायची. मग इरफान येऊन पट्टी बांधायचा. "वैजीला काही होत नाही," असं ते दोघं म्हणायचे. मला त्याचा अभिमान वाटायचा. आज बोलताना जीभ जड होते, पण वाटायचा.

आणि मग सात नंबरच्या पवनचक्कीचं झालं.

त्या दिवशी अवचित वारा उठला होता. सात नंबरच्या गिअरबॉक्समधनं तेल गळायला लागलं. तापमान चढल्याची सूचना कॉम्प्युटरवर येत राहिली, पण पडद्यावर खेळ होता आणि आवाज दादानं बंद करून ठेवलेला, कारण थंडीच्या दिवसांत 'वारा कमी' म्हणून ते दिवसभर टुणटुणायचं. मी म्हटलं होतं, "दादा, आवाज चालू करू का? आज वारा आहे." दादा म्हणाला, "पाळी संपू दे." मग इरफान बाहेर गेला तोच ओरडत परत आला, सातमधनं धूर येतोय. मी पळत जाऊन खालच्या पेटीतलं बटण दाबलं. यंत्र स्वतःहून थांबायला हवं होतं, ते थांबलं नाही. पण ते कोण ऐकून घेतंय. गिअरबॉक्स गेला. पुण्याहून दांडेकरसाहेब चौकशीला येणार असा निरोप आला.

तर तो साहेब यायचा आदला दिवस होता. दुपारची वेळ, बाहेर वारा नाही, आणि दादा माझ्या जागी बसून मेजरला गोदामाच्या दाराशी नेत होता.

"दादा, मी जाते की. मला काय होतंय," मी म्हणाले.

"दरवेळी तूच का?" तो पडद्यावरची नजर न काढता म्हणाला. "सवयच लागली आम्हाला तुला पुढं घालायची. बरोबर नाही ते."

त्यानं बटण दाबलं. दार उघडलं. आतनं गोळी सुटली आणि मेजर शिरीष उंबऱ्यातच आडवा झाला. नावापुढं राखाडी फुली आली.

इरफाननं हळूच दादाच्या खांद्यावर हात ठेवला. दादाचे डोळे खरंच भरले होते. मी जवळनं बघितलं. दादा खुर्ची मागं सारून म्हणाला, "बास आज. पुढची पाळी उद्या."

मग तो आमच्याकडं वळला. "उद्यापण असंच करायचं. साहेब आले की आधी मी आत जातो. सगळं सांगतो. खेळत होतो, तिघंही होतो, आवाज मी बंद केला होता. मग तू ये, मग इरफान. तिघांनी एकच सांगायचं, खरं सांगायचं. तिघांना काढून कंपनी इथं कुणाला आणून बसवणार आहे? बोलतील, पगार कापतील, गप बसतील."

"आणि माझं कायमचं?" मी विचारलं.

"मी पहिला गेल्यावर तुझ्यापर्यंत काय येणार आहे? सगळा राग माझ्यावर निघेल. तुझं काही होत नाही बघ."

इरफान म्हणाला, "दादा म्हणतोय तर झालं."

मला रडू येईल असं वाटलं म्हणून मी बाटली भरायच्या निमित्तानं बाहेर गेले. त्या दिवशी मला सोडायला दादा आला नाही, पाणी घेऊन येणाऱ्या टँकरवाल्याबरोबर त्यानं मला लावून दिलं. "आम्हाला स्टोअर आवरायचंय, उद्या साहेब बघतील," म्हणाला. मी वाटभर त्या मेजरचा विचार करत होते. शेवंतामावशींनी विचारलं, "आज काय खुशीत?" मी त्यांना काय सांगणार, आमच्या मेजरानं माझ्यासाठी जीव दिला म्हणून?

सकाळी मी पोचले तेव्हा साहेबांची गाडी येऊन उभी होती. इतक्या लवकर येतील असं कुणी धरलं नव्हतं. इरफान कंट्रोलरूमच्या पायरीवर होता.

"दादा कुठंय?"

"बारा नंबरला गेलाय. क्रेनवाले आलेत म्हणून." तो पायरीवरची वाळू बुटानं सारखी करत होता. "तुला सांगितलंय त्यानं, सुरुवात कर, मी आलोच."

"अरे, पण पहिला तो जाणार होता."

"येतोय म्हणालाय की. साहेबांना ताटकळत ठेवू नको म्हणाला."

तर मी गेले. दांडेकरसाहेब सभ्य माणूस, टेबलावर डबा उघडून इडली खात होते. मला बसा म्हणाले, पाणी दिलं.

"त्या दिवशी काय झालं, तुमच्या शब्दांत सांगा," ते म्हणाले.

मी सांगितलं. काही लपवलं नाही. आम्ही तिघं इथं होतो, कॉम्प्युटरवर खेळत होतो, आवाज बंद होता, म्हणून सूचना कळली नाही. धूर दिसल्यावर मी जाऊन बंद केलं. दादानं ठरवून दिलं होतं तसं सरळ सांगितलं. फक्त आवाज कुणी बंद केला ते बोलले नाही. म्हटलं, ते तो स्वतः सांगणार आहे, त्याचं त्याला सांगू दे.

साहेबांचं इडली खाणं थांबलं. "ड्यूटीवर खेळत होतात?"

"हो, साहेब. चूक झाली."

"आणि हे तुम्ही मला इतक्या सहज सांगताय?"

मग ते बोलायला लागले. आवाज चढवला नाही, पण असं काही बोलले की माझे कान तापले. केवढ्याचं यंत्र, कुणाचा विश्वास, मुलींना संधी द्यावी म्हणून आम्ही ऑफिसात किती वाद घातले. मी खाली मान घालून ऐकत होते आणि मनात म्हणत होते, घेऊ दे ओरडून, आत्ता दादा येईल.

दादा आला. हाताला ग्रीस, कपाळाला घाम, फडक्यानं हात पुसत दारात उभा राहिला.

"या वाटेगावकर," साहेब म्हणाले. "या म्हणतात त्या दिवशी तुम्ही तिघं इथं खेळत होता."

दादा माझ्याकडं बघेना. फडकं एका हातातनं दुसऱ्या हातात करत म्हणाला, "साहेब, मी बारा नंबरवर होतो त्या दिवशी. बोल्टचं काम चाललेलं. इथं वैजयंती होती."

मला आधी वाटलं, काहीतरी डाव असेल. म्हणजे साहेबांना आधी असं सांगून मग काहीतरी. माणूस किती खुळा असतो बघा. "दादा," मी म्हणाले, "सांग की नीट."

"वैजे, आता काय सांगू मी?" तो म्हणाला. आवाज नेहमीसारखाच, मायेचा. "जरा लक्ष द्यायला हवं होतंस."

इरफानला बोलावलं. त्यानं बूट बाहेर काढले होते, का कुणास ठाऊक, कुणी सांगितलं नव्हतं. मोज्यांवर उभा राहून तो जमिनीकडं बघत म्हणाला, "मी स्टोअरमध्ये होतो, साहेब. धूर दिसल्यावर आलो."

"हे खोटं आहे," मी म्हणाले. "साहेब, हे दोघंही इथं होते. आवाज दादानं बंद केला होता."

"मघाशी हे नाही म्हणालात तुम्ही."

"तो स्वतः सांगणार होता म्हणून."

साहेबांनी डब्याचं झाकण लावलं. त्यांच्या तोंडावरचा राग केव्हाच ओसरला होता, नुसता कंटाळा राहिला होता. काय बोलायचं ते माझ्यावर बोलून झालं होतं. "हे बघा," ते म्हणाले, "तुम्ही इथं होतात आणि खेळत होतात, हे तुम्ही स्वतः कबूल केलंत. बाकी दोघं एक सांगतायत, तुम्ही एक. मला फार खोलात जायचं नाही. प्रोबेशन आहे, राजीनामा द्या, मी वाईट शेरा मारणार नाही. तेवढं मी नक्की करीन."

मी दादाकडं बघितलं. तो खिडकीबाहेर बघत होता, जिथं सात नंबर उभा होता. मी कागद मागितला आणि लिहून दिलं. भांडता आलं असतं, असं मला पुढं पुष्कळांनी सांगितलं. पण मी ज्याच्या जिवावर भांडले असते तोच समोर फडक्यानं हात पुसत होता.

साहेब सात नंबर बघायला गेले, दादा त्यांच्या मागनं. मी माझी बॅग आणि डबा घ्यायला कंट्रोलरूमच्या आतल्या बाजूला गेले. डबा कॉम्प्युटरच्या मागं ठेवलेला असायचा. तो ओढताना टेबल हललं आणि झोपलेला पडदा जागा झाला.

खालच्या पट्टीत खेळ होता. साहेब आले तेव्हा घाईत नुसता खाली सारून ठेवलेला. मी तो का उघडला, मला सांगता यायचं नाही. कदाचित मेजरला बघायला. आता त्याचंच तेवढं खरं राहिलं होतं.

गोदाम जिंकलेलं होतं. मेजर शिरीष आत उभा होता, धडधाकट, साधा ओरखडा नाही. त्याच्या शेजारी वैद्य इरफान. आणि उंबऱ्यात राखाडी फुली होती, तिच्यावर माझं नाव होतं.

मी परत परत वाचलं. मग इरफान आत आला, बूट हातात घेऊन.

"हे कधी झालं?" मी विचारलं.

त्यानं हातातले बूट उलटेपालटे केले.

"इरफान, काल मेजर मेला होता. माझ्या डोळ्यांसमोर मेला. तुझ्यापण."

"तू गेल्यावर," तो म्हणाला. "स्टोअर आवरलं, चहा केला. दादा म्हणाला, जरा बघू या का काय झालं असतं. मागची पाळी उघडली त्यानं."

"आणि मला पाठवलं."

"हां."

"बटण कुणी दाबलं?" मी विचारलं. "मी तर नव्हते इथं. माझ्या नावाचं बटण कुणी दाबलं?"

इरफाननं बूट खाली ठेवले. किती वेळ त्यानं त्या नाड्या सोडल्या आणि बांधल्या. त्यानं अख्ख्या वर्षात माझ्या खांद्याला पट्ट्या बांधल्या होत्या पडद्यावर, आणि पडद्याबाहेर मी शिडीवर हात कापून घेतला तेव्हाही त्यानंच बांधली होती.

"तो म्हणाला दाब," इरफान म्हणाला. "मी दाबलं, वैजू."

"आणि आत्ता आत साहेबांसमोर?"

"तेपण तेव्हाच ठरलं. चहा पिताना. मी म्हटलं त्याला, वैजूचं काय? तर म्हणाला, ती वाद घालत नाही, ती जाईल." त्यानं नाडी घट्ट ओढली. "मला माफ कर, असं म्हणायला तोंड नाही मला."

"नाहीच आहे," मी म्हणाले, आणि डबा बॅगेत टाकला.

पाटणपर्यंत मला सोडायला दादाच आला. टँकर नव्हता त्या दिवशी, आणि साहेबांनीच त्याला सांगितलं, पोचवून या. मी नको म्हणाले नाही. पायी उतरायचं म्हटलं तर घाट लांब होता. बॅग त्यानं मागं नीट ठेवली, सांडू नये म्हणून डबा वेगळा काढून माझ्याजवळ दिला.

अर्धा घाट तो बोलत होता. घरची परिस्थिती तुला माहिती आहे. माझं वय काय, मला आता कोण घेणार. तू पोर आहेस, हुशार आहेस, तुला उद्या दुसरी मिळेल. मला मिळालीही पुढं, धुळ्याकडं, आणि तिथल्या टॉवरवर मी अजून चढते. पण ते त्याला तेव्हा कुठं ठाऊक होतं, आणि मला तरी कुठं. "मी सकाळपर्यंत जाणारच होतो गं पहिला," तो म्हणाला. "अगदी आई शप्पथ. बारा नंबरला गेलो तेसुद्धा दोन मिनिटांसाठीच. मग पाय निघेना तिथनं." हे सगळं तो सरळ, न अडखळता सांगत होता. त्याला बहुतेक ते पटलेलं होतं.

"मेजर जिवंत कसा झाला?" मी विचारलं.

जीप एकदम हळू झाली. मागनं एका ट्रकवाल्यानं हॉर्न मारला.

दादाचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. वर्षभरात मी त्याला असा बघितला नव्हता. साहेबांसमोर खोटं बोलतानाही नाही. "ते तू कुठं बघितलंस?" तो म्हणाला.

"बघितलं."

"अगं ते... खेळ आहे तो." एक वळण गेलं, दुसरं गेलं. "काल मी खरंच पाठवला होता त्याला. तुला दाखवायला नव्हतं ते. त्या वेळी मला खरंच वाटलं, आपण जावं. पण तू गेल्यावर ती फुली बघवेना. किती दिवस वाढवला होता त्याला. एकेक पायरी चढवत आणला होता. तुला नाही कळायचं."

मला कळत होतं. माझ्यापण नावाचा होता की एक.

पाटणच्या स्टँडसमोर त्यानं जीप थांबवली. कराडची गाडी लागलेली होती. तो स्टिअरिंगला धरून बसला, आणि मग एकाएकी काहीतरी सुचल्यासारखा माझ्याकडं वळला. डोळे परत भरलेले.

"वैजे, तिला परत आणतो मी. तुझ्या शिपायाला. मागची पाळी आहे अजून, पुसली नाही. आज गेल्या गेल्या उघडतो आणि आणतो तिला. काय?"

तो मनापासून म्हणत होता. तेच सगळ्यांत वाईट होतं.

"नको," मी म्हणाले. "मेला तो मेला."

त्यानं सवयीनं माझ्या अंगावरनं हात लांब केला, दाराला हिसडा द्यायला.

"राहू दे दादा," मी म्हणाले. "उघडते मी."

मी मागची बॅग ओढून मांडीवर घेतली, मागं सरकून पाय वर घेतला आणि दाराला लाथ घातली. ते दुसऱ्या लाथेला उघडलं, आणि मी उतरून कराडच्या गाडीत बसले.